घराणे खरे कशावरून?

जपानी युद्धविद्या शिकविणाऱ्या वर्गांच्या पाट्या आता मुंबई-पुण्यापुरत्या राहिलेल्या नाहीत. बडोद्यासारख्या आखाड्यांच्या गावातही मुले-मुली संध्याकाळी पांढरा पोशाख करून अशा वर्गांना जातात. शरीर कमावण्याची हौस टिकून आहे याचा आम्हाला आनंदच आहे. मात्र अशा वर्गांच्या जाहिरातींत पुष्कळदा सामुरायांच्या शेकडो वर्षांच्या अखंड परंपरेचा आणि तिच्या एकमेव वारसाचा पुकारा असतो, आणि मग पालकांपुढे प्रश्न उभा राहतो: जपानी भाषा येत नाही, जपान पाहिलेला नाही, तेव्हा यातले खरे किती हे ओळखायचे कसे? आमच्या मते घराणेदार गाणे ऐकत आलेल्या माणसांना हा प्रश्न वाटतो तितका परका नाही.

प्रथम जुने कशाला म्हणायचे ते पाहू. जपानात 'ऱ्यू' म्हणजे प्रवाह, संप्रदाय. १८६८ साली मेइजी राजवट आली. तिच्यापूर्वी स्थापन झालेल्या संप्रदायांना 'कोऱ्यू', म्हणजे जुने प्रवाह, म्हणतात. ज्युदो त्यात बसत नाही. कानो जिगोरो यांनी तेन्जिन शिन्यो आणि कितो या दोन जुन्या संप्रदायांत शिक्षण घेतले आणि १८८२ साली टोकियोत कोदोकान स्थापून नवी पद्धत घातली. 'दान' ही श्रेणीची पद्धत त्यांनीच १८८३ पासून सुरू केली, आणि रंगीत पट्ट्यांची शिडी तर विसाव्या शतकातली आहे. कराटे ही ओकिनावा बेटांची विद्या. फुनाकोशी गिचिन यांनी १९२२ साली टोकियोत प्रयोग करून दाखविल्यानंतर ती मुख्य जपानात पसरली. तेव्हा 'सामुरायांचे प्राचीन कराटे' असे कोणी म्हणू लागला, तर तिथेच थांबून विचार करावा. ज्युदो आणि कराटे यांना आम्ही कमी लेखीत नाही. नवे असणे हा दोष नव्हे. नव्याला जुने म्हणून विकणे हा दोष आहे.

जुन्या संप्रदायात सनद गुरुमुखातून येते. किरिगामी, मोकुरोकू, मेन्क्यो अशा पायऱ्या असतात. त्यांची नावे आणि संख्या घराण्यागणिक बदलतात. मोकुरोकूच्या गुंडाळीत बहुधा प्रकारांची नुसती नावे लिहिलेली असतात, त्यांचे मर्म तोंडी सांगितले जाते. शेवटी मूळ पुरुषापासून देणाऱ्यापर्यंतची नामावळी, तारीख, मोहोर आणि घेणाऱ्याचे नाव. चिजांची वही हाती लागली म्हणून कोणी गवई होत नाही. तसेच ही गुंडाळीही तालमीवाचून मुकी असते. लिलावात विकत घेतलेली गुंडाळी भिंतीवर टांगणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

तेन्शिन शोदेन कातोरी शिंतो-ऱ्यू हे या विद्येतले मोठे घराणे. परंपरेनुसार इइझासा चोइसाई यांनी ते पंधराव्या शतकात कातोरी देवस्थानापाशी स्थापिले. प्रमुखपद आजही इइझासा कुळात आहे. १९६० साली चिबा प्रांताने या घराण्याला सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. तेथे प्रवेश घेताना शिष्य बोट टोचून रक्ताची मोहोर करतो आणि विद्या बाहेर न उघडण्याची शपथ घेतो. आपल्याकडच्या गंडाबंधनाची आठवण व्हावी असाच हा विधी. तो होतो म्हणूनच, अमुक माणूस आमचा की नाही, हे घराण्याला सांगता येते.

येथे एक सावधगिरी हवी. दंतकथा असली म्हणजे घराणे खोटे ठरत नाही. दाइतो-ऱ्यूची कथा अकराव्या शतकातल्या मिनामोतो वीरापर्यंत जाते, पण ताकेदा सोकाकू (१८५९–१९४३) यांच्या आधीचा भक्कम कागद मिळत नाही. तथापि सोकाकू कोठे शिकविले, कोणाला शिकविले याच्या वह्या ठेवीत आणि शिष्यांकडून त्यांत नावे नोंदवून घेत. पुढे आयकिदो स्थापणारे उएशिबा मोरिहेई १९१५ साली होक्काइदोत त्यांना भेटले आणि शिष्य झाले. म्हणजे वरचा भाग धुक्यात, पण खालचा भाग लख्ख उजेडात. भोंदू माणसाचे नेमके उलटे असते. हजार वर्षांपूर्वीचा योद्धा त्याला नावानिशी माहीत असतो, पण स्वतःच्या गुरूचे गाव आणि शिकल्याची साले विचारली की उत्तर अडखळते.

'सोके' या पदवीचेही स्तोम माजले आहे. सोके म्हणजे घराण्याचा मुख्य वारस. चहाविधीसारख्या कलांत अशा कुलप्रमुखांचे वर्चस्व जुने आहे, पण तोकुगावा काळातल्या अनेक युद्धसंप्रदायांत पूर्ण सनद मिळालेला शिष्य स्वतंत्रपणे शिकवू शके आणि सनदाही देऊ शके. एका संप्रदायाच्या अनेक शाखा झाल्या त्या अशाच. तेव्हा 'जगात मी एकटाच' हा दावा प्राचीनतेचा पुरावा होत नाही.

कोशांचा आणि संस्थांचा आधार जरूर घ्यावा. वाताताणी आणि यामादा यांच्या कोशाच्या १९७८ च्या वाढीव आवृत्तीत हजारो संप्रदायांची नावे आहेत. बडोद्याच्या मजुमदारांचा दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश ज्यांच्या घरी आहे त्यांना अशा कामाचे मोल सांगायला नको. जुन्या युद्धविद्यांसाठी १९३५ आणि १९७९ साली स्थापन झालेल्या दोन संस्थाही जपानात आहेत. पण कोशात नाव असणे म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, आणि संस्थेत नसलेले प्रत्येक घराणे बनावटही नव्हे.

कागदाइतकीच साक्ष शिकवण देते. जुन्या तलवारविद्येत जोडीने ठरलेले प्रयोग करतात. त्यांत वार घालणारी आणि अखेर हरणारी बाजू गुरूने किंवा ज्येष्ठाने घ्यायची असते, जिंकणारी बाजू शिष्याची. कारण अंतर किती, वेळ कोणती, हे शिष्याला नेमके शिकवायचे तर हल्ला जाणत्याच्याच हातून आला पाहिजे. वर्षानुवर्षे शिष्यापुढे हरण्याची ही शिस्त जेथे दिसते तेथे काही मुरलेले आहे असे समजावे. गुरू रोज शिष्यांना आपटून टाळ्या मिळवीत असेल, तर तो उत्तम खेळाडू असेलही, पण ती जुनी रीत नव्हे.

एवढी चिकित्सा कशासाठी, असे कोणी म्हणेल. १८७१ साली जपानातली सरदारांची संस्थाने खालसा झाली आणि १८७६ साली सामान्य सामुरायांना तलवार बाळगण्यास बंदी आली. संस्थान गेले म्हणजे आश्रित गुणीजनांचे काय होते, हे १९४९ नंतर आपण पाहिलेच आहे. तेथेही तनखे गेले, शिष्य गेले आणि पुष्कळ घराणी विझली. ज्यांनी दुसरा उद्योग करून, मोबदल्याची आशा न धरता विद्या राखली, त्यांचे नाव एखाद्याने फुकट लावावे, हा त्यांच्यावर अन्याय आहे. दहा वर्षे निष्ठेने शिकणाऱ्या मुलाची जी फसवणूक होते ती वेगळीच. फी फार तर परत मिळेल, ती वर्षे मिळत नाहीत.

म्हणून पालकांनी संकोच न करता विचारावे: आपण कोणाकडे, कोठे, किती वर्षे शिकलात? शिकविण्याची परवानगी कोणी दिली? त्यांच्याकडे पत्र घालून खात्री करून घेतली तर आपली हरकत नाही ना? खऱ्या शिक्षकाला यात अपमान वाटत नाही. फैयाजखाँसाहेबांची तालीम मिळाल्याचे कोणी सांगितले की बडोद्याची जुनी मंडळी साल आणि सोबती विचारणारच, आणि खरा शिष्य ते आनंदाने सांगणार. 'हे मी स्वतः बसविले आहे' असे सरळ सांगणारा शिक्षक भेटला तर त्याच्याकडे मुलाला बेलाशक पाठवावे.

आणि जाता जाता आपल्याच घराकडेही पाहावे. जुम्मादादांकडून माणिकरावांनी विद्या घेतली, हे बडोद्यात सर्वांना ठाऊक आहे. माणिकरावांकडून कोणी घेतली, त्यांच्याकडून पुढे कोणी, याची सोकाकूंसारखी वही आपल्यापैकी कितीजणांच्या घरी आहे? ज्या घरात आजोबांनी लाठी, बोथाटी किंवा मल्लखांब केला असेल, तेथे त्यांच्या वस्तादाचे नाव विचारून या आठवड्यातच लिहून ठेवावे.