जावक क्रमांक हरवला की पैसेही हरवतात

मंडळी, आजचा विषय जरा कोरडा वाटेल. पण तो थेट आपल्या खिशाशी आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आमच्या भागातल्या एका काकांच्या अनुदानाचे पैसे तीन महिने अडकले होते. कागद सगळे बरोबर. जिथं अर्ज भरला तिथं गेले तर, "इथून वर गेलंय." वर गेले तर, "आमच्याकडून बँकेला गेलंय." बँकेत गेले तर, "आमच्याकडं काही आलंच नाही." सगळ्यांकडून गेलं आणि कुणाकडंच पोचलं नाही! काकांच्या हातात अर्जाचा नंबर होता. पण तो नंबर फक्त पहिल्या ठिकाणी चालायचा. पुढच्या दोन्ही संगणकांत त्याच अर्जाला वेगळेच नंबर पडलेले.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरचं काम करतो. म्हणून सांगतो, हा दोष नशिबाचा नाही. तो दोन संगणकांमधल्या टपालाचा आहे.

जुनं तहसील आठवा. कुठलंही पत्र निघालं की माथ्यावर काय असायचं? कुणाकडून, कुणाला, जावक क्रमांक, दिनांक आणि संदर्भ. बारनिशीत नोंद व्हायची. उत्तर आलं की त्यात पहिल्या पत्राचा क्रमांक संदर्भ म्हणून यायचाच. कारकुनाला पत्रातला मजकूर वाचायची गरज नव्हती, नुसत्या माथ्यावरून पत्र कुठं आहे ते कळायचं.

संगणकांच्या टपालातही हीच सोय आहे. त्या माथ्याला हेडर म्हणतात आणि आतल्या मजकुराला बॉडी. सोप नावाची एक पद्धत आहे, तिच्यात तर चक्क लिफाफा, हेडर आणि बॉडी असेच भाग आहेत. त्यात एक फार शहाणी सोय आहे. हेडरमधल्या एखाद्या माहितीवर "ही समजलीच पाहिजे" असा शिक्का मारता येतो. समोरच्या संगणकाला ती समजली नाही, तर त्यानं निरोप गपचूप गिळायचा नाही, चूक दाखवून परत पाठवायचा. आपल्याकडं नेमकं हेच व्हायला हवं. परत आलेला अर्ज दुरुस्त करता येतो. गिळलेल्या अर्जाचं काय करणार?

आता दुसरा मुद्दा. माथ्यावर काहीही खरडून चालत नाही, रकान्यांतच लिहावं लागतं. आपल्या जिल्ह्याइतकं हे दुसऱ्या कुणाला कळणार! फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या नावाला केंद्राची मंजुरी आली, सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झाल्याची अधिसूचना निघाली. आता एका यंत्रणेत धाराशिव आणि दुसरीत उस्मानाबाद असेल, आणि दोघी नावावरून जुळणी करत असतील, तर माणूस एकच असूनही जुळणार नाही. त्यापेक्षा कोड पाठवा. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचा कोड ५२५ आहे, केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत ४८८. नाव बदललं तरी आकडा तोच राहतो. फक्त आकड्याबरोबर तो कुठल्या यादीतला, हेही सांगावं लागतं. नाहीतर ५२५ आणि ४८८ हे दोन वेगळे जिल्हे समजले जातील. माहिती रकान्यांत पाठवणं म्हणजे हेच.

हेडरमध्ये माहिती कशी मांडावी याचे जागतिक नियमही आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते ठरले, सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारले. पहिल्या नियमात मजकूर साध्या रोमन अक्षरांतच लिहायचा होता, सुधारित नियमात मराठीसारख्या लिपींसाठीही जागा झाली. आणि एकच क्रमांक सगळ्या संगणकांतून पुढं न्यायची पद्धत तर २०२० मध्येच प्रमाण ठरली आहे. त्यात ३२ अक्षरांचा मूळ क्रमांक शेवटपर्यंत तोच राहतो, मधल्या टप्प्याचा तेवढा बदलतो. म्हणजे नवीन शोध लावायचा नाहीये, आहे ते वापरायचंय.

कुणी म्हणेल, मग सगळंच हेडरमध्ये घाला की! तसं अजिबात करू नये. टपालाचा माथा वाटेत प्रत्येकजण वाचतो. तसंच हेडरही मधल्या संगणकांच्या नोंदवहीत उतरून राहू शकतं. आधार नंबर, खाते नंबर, जात, आजार यांची जागा आतच, तीही बंद. शिवाय हेडरला जागाही थोडीच असते, पुष्कळ सर्व्हरवर एका ओळीला साधारण ८ किलोबाइट. माथ्यावर फक्त वाट दाखवणारी माहिती: कुणी पाठवलं, कधी, कुठल्या जिल्ह्याचं, मूळ क्रमांक काय.

दुसरा आक्षेप, "नंबर मिळाला म्हणून पैसे मिळतात का?" नाही मिळत. पण "आमच्याकडं आलंच नाही" हे उत्तर बंद होतं. यूपीआयचं बघा. चहाचे दहा रुपये पाठवले तरी १२ आकडी संदर्भ क्रमांक मिळतो आणि बँकेला त्यावर उत्तर द्यावं लागतं. दहा रुपयांना जी इज्जत आहे, ती शेतकऱ्याच्या अनुदानाला का नाही?

आणि हे उपकार म्हणून मागत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये अर्जाची पोच आणि क्रमांक देण्याची तरतूद आहे. माझं म्हणणं एवढंच, की तो क्रमांक पहिल्या खिडकीवर मरू नये.

म्हणून तीन मागण्या. एक, पोचपावतीवरचा क्रमांक पुढच्या प्रत्येक यंत्रणेनं हेडरमध्ये जसाच्या तसा न्यावा आणि हे सॉफ्टवेअरच्या करारातच लिहावं. दोन, जिल्हा, तालुका, गाव यांची जुळणी नावावर नको, कोडवर व्हावी. तीन, निरोप नाकारला गेला तर कारण मराठीत अर्जदाराच्या मोबाईलवर यावं.

यातलं बरंचसं मुंबई-दिल्लीत ठरतं, मान्य. पण विचारायला सुरुवात इथूनच करावी लागेल. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. ज्यांचं काम अडकलंय त्यांनी तिथं लेखी विचारावं, "माझा अर्ज पुढं कुठल्या क्रमांकानं गेला?" नुसतं "कधी होईल" विचारलं तर "होईल" एवढंच उत्तर येतं. क्रमांक विचारला की शोधावं लागतं.

काकांचे पैसे शेवटी आले. कुठं अडकले होते, ते आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. मला पैशांपेक्षा तीच गोष्ट जास्त खटकते.

तुमच्याकडं असं काही झालं असेल तर जरूर लिहा. फक्त आधार आणि खाते नंबर इथं टाकू नका.