वेगाला आवार हवे

वसईजवळच्या वालीव परिसरात लहानमोठे कारखाने दाटीने उभे आहेत. लोखंडाला आकार देणारे कुशल हात तेथे रोज राबतात. त्याच वस्तीच्या कडेने मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. यंत्राची जाण असलेला तरुण आणि त्याला मोह घालणारा सरळ रस्ता, असा हा शेजार आहे. महामार्ग म्हणजे शर्यतीचे मैदान नव्हे, हे पोलीस आणि पालक बजावतात, ते योग्यच आहे. परंतु मग मैदान कोठे आहे, या प्रश्नाला महाराष्ट्रापाशी समाधानकारक उत्तर नाही.

पिंपरी-चाकणमध्ये देशाच्या वाहन उद्योगाचा मोठा भाग एकवटला आहे. कोल्हापुरात छोट्या कार्ट गाड्यांच्या शर्यती रंगतात. तरीही मोठ्या मोटार-शर्यतींसाठी नावाजलेला असा ट्रॅक या राज्यात नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांची ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धा कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होत आली आहे. मुंबई-पुण्याचे विद्यार्थी आपली गाडी घेऊन तेथवर जातात.

दक्षिणेला हे कसे साधले, ते पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ओस पडलेल्या शोलावरमच्या विमान-धावपट्टीवर मद्रासच्या हौशी मंडळींनी शर्यती सुरू केल्या. त्यांच्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने पुढे श्रीपेरुंबुदूरजवळ स्वतःचा ट्रॅक उभारला. १९९० साली तो खुला झाला आणि आजही तेथे शर्यती होतात. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुतीचे इंजिन बसवून परवडणारी शर्यतीची गाडी घडविली. त्याच शहरातील नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. आधी हौस, मग संघटना आणि शेवटी बांधकाम, असा हा क्रम होता.

ग्रेटर नोएडात हा क्रम उलटला. तेथे ५.१२५ किलोमीटर लांबीचा भव्य बुद्ध आंतरराष्ट्रीय ट्रॅक आधी बांधला गेला. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन वेटेल जिंकला. हा खेळ की करमणूक, या करविषयक वादानंतर ती शर्यत परतली नाही. २०२३ साली मोटोजीपीची एक शर्यत झाली, तेवढीच. थकबाकीपोटी यमुना प्राधिकरणाने २०२० साली जमीनवाटप रद्द केले आणि २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. प्रेक्षकांसाठी मांडव घातला, पण खेळाडूंची शाळा काही उभी राहिली नाही.

गरीब देशाला ही चैन कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. भव्यतेच्या हव्यासाला तो लागू पडतो. दोन किलोमीटरच्या साध्या ट्रॅकला नाही. अशा ट्रॅकवर हेल्मेटची सक्ती असते, गाडी तपासल्याशिवाय सोडली जात नाही आणि रुग्णवाहिका सज्ज असते. ब्रेक कधी लावावा आणि वळण कसे घ्यावे, हेही तेथेच शिकता येते. मात्र त्यासाठी शेतकऱ्याची वा आदिवासींची जमीन घेऊ नये. औद्योगिक क्षेत्रातील पडीक भूखंड शोधावा आणि त्याचा कारभार क्लब व तंत्रनिकेतने यांच्याकडे सोपवावा.

एका ट्रॅकने महामार्गावरचे बेफाम वाहन चालविणे थांबेल, असे नव्हे. पोलिसांचा धाक लागेलच. पण योग्य जागा न दाखविता केवळ मनाई करणारा समाज आपले अर्धेच कर्तव्य बजावतो.