‘टॉर्च’ची फाइल आणि नवऱ्याचं रक्त

दोनदा गर्भ पडला की तिसऱ्या खेपेला बाईच्या फाइलमध्ये ‘टॉर्च’चा रिपोर्ट हमखास लागतो. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सीएमव्ही, हर्पिस. आणि समोर ठळक अक्षरांत ‘आयजीजी पॉझिटिव्ह’. घरात लगेच निवाडा होतो: हिच्याच अंगात जंतू आहेत.

निवाडा साफ चुकीचा. आयजीजी ही पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गाची किंवा घेतलेल्या लशीची रक्तात उरलेली खूण. रुबेलाचं आयजीजी असणं तर बाईच्या भल्याचंच. रुबेला घात करतो तो पहिल्या तिमाहीत नव्याने झाला तर. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी 1941 मध्ये बाळांच्या जन्मजात मोतीबिंदूचं मूळ शोधलं, ते आयांना गरोदरपणी झालेल्या रुबेलात. वारंवार होणाऱ्या गर्भपातांसाठी सरसकट टॉर्च तपासणं सोडून द्यावं, असं ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने 2011 मध्येच सांगून टाकलं आहे.

“तपासून घेतलं तर बिघडलं काय?” बिघडतं. ताज्या संसर्गाची खूण मानलं जाणारं आयजीएम कित्येकदा खोटंच पॉझिटिव्ह येतं. मग गोळ्यांचे कोर्स सुरू होतात, धडधाकट गर्भ पाडण्याच्या गोष्टी निघतात. अंगावर पुरळ उठलं, सोनोग्राफीत काही वावगं दिसलं, तर नेमकी तपासणी जरूर करावी. अख्खं पॅकेज कशाला? (लॅबचं भलं होतं, ते सोडा.)

निकड आहे ती स्वस्त तपासण्यांची: पहिल्याच भेटीत एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी. उपचारांविना एचआयव्ही 15 ते 45 टक्के बाळांपर्यंत पोचतो. आईने गोळ्या नियमित घेतल्या तर हे प्रमाण 5 टक्क्यांच्याही खाली येतं. हिपॅटायटिस बीची लस बाळाला 24 तासांच्या आत टोचायची असते. ‘आज रविवार, उद्या बघू’ तिथं चालत नाही. सिफिलिसला जुनंच पेनिसिलिन पुरतं. एचआयव्ही आणि सिफिलिस आईकडून बाळाकडे जाणं थांबवल्याची जागतिक आरोग्य संघटनेची पावती 2015 मध्ये क्यूबाने सगळ्या देशांआधी मिळवली, ती अशाच वेळेवरच्या तपासण्या आणि औषधांवर.

राहून जातं ते नवऱ्याचं रक्त. तो कामावर, नाहीतर ‘मला काय धाड भरलीय?’ म्हणत बाहेरच्या बाकावर. बायकोला सिफिलिसचं इंजेक्शन दिलं आणि त्याला तसंच सोडलं, तर बाळंतपणाआधी तोच आजार तिला त्याच्याकडून पुन्हा जडू शकतो, आणि तिच्यातून पोटातल्या बाळाला.