रविवारचा मेगाब्लॉक

'हल्ली काही सुचत नाही हो,' असं कपाळाला आठ्या घालून सांगणाऱ्या माणसाबद्दल आपल्याकडे उगाचच आदर आहे. 'हल्ली डोसा जमत नाही,' म्हणणाऱ्या हॉटेलात आपण पुन्हा पाऊल टाकत नाही. पण सुचत नाही म्हणणाऱ्याला आपण खुर्ची देतो, चहा पाजतो आणि त्याच्यासमोर हळू आवाजात बोलतो. हा चहा मीही काही आठवडे फुकट प्यायलो आहे. म्हणूनच अधिकारवाणीनं सांगतो, हे सगळं थोतांड आहे. निदान माझ्या धंद्यात तरी आहे.

माझा धंदा म्हणजे दर रविवारी दुपारी चार ते आठ, दिवा पूर्वेच्या आमच्या दोन खोल्यांत मी राक्षस, चेटकिणी, लबाड सराईवाले आणि एक दमेकरी ड्रॅगन चालवतो.

घाबरू नका, हा एक खेळ आहे. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नावानं बाजारात आणला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती. चार-पाच जणांनी एकेक सोंग घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर, आणि एकानं गोष्ट सांगायची. 'समोर नदी आहे, पूल मोडलाय, काय करता?' असं त्यानं विचारायचं. जो तो आपापल्या अकलेप्रमाणे सांगणार, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. एक गोष्ट वर्षानुवर्षं चालू शकते. ती सांगणाऱ्याला इंग्रजीत मोठं भारदस्त नाव आहे. मला सगळे काकाच म्हणतात.

हे खूळ घरात आणलं पुतण्यानं. त्याला रविवारची ड्यूटी लागली आणि गादी माझ्याकडे आली. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि घरात माझं ऐकून घेणारं कुणी नव्हतं. एवढी पात्रता पुरली. खेळणारी मंडळी आमच्याच इमारतीतली. कुरिअरची पाकिटं वाटणारा एक मुलगा, कर्जाचे हप्ते वसूल करणारा दुसरा, नर्सिंग शिकणारी एक मुलगी, आणि चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका. या बाई चोराचं काम करतात आणि मन लावून करतात.

अडीच वर्षं गाडी जोरात चालली. मग एका रविवारी मंडळी सात दऱ्या ओलांडून एका काळ्या दरवाज्यापाशी येऊन ठेपली. त्या दरवाज्याबद्दल मी वर्षभर बढाया मारल्या होत्या. 'काका, पलीकडे काय आहे?' त्यांनी विचारलं. आणि माझ्या लक्षात आलं, की पलीकडे काय आहे ते मलाही ठाऊक नाही.

दिव्याच्या माणसाला फाटकापाशी थांबायची सवय असते, त्यामुळे त्या रविवारी कुणी कुरकुरलं नाही. पुढच्या रविवारी माझं पोट बिघडलं. त्याच्या पुढच्या रविवारी सासुरवाडीची माणसं आली, म्हणजे येणार होती. चौथ्या रविवारी मी निरोप धाडला, 'आज मेगाब्लॉक आहे.' बायको म्हणाली, 'अहो, तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर यायला मेगाब्लॉक कुठला आडवा येतो?'

पाचव्या रविवारी जिन्यात कुरिअरवाला भेटला. 'काका, तब्येत सांभाळा,' म्हणाला, 'घाई काही नाही. फक्त कसंय, आठवडाभर मी लोकांना नुसता पत्ता विचारत फिरतो. रविवारी कुणीतरी मला विचारतं, तू काय करणार म्हणून.' तो वर गेला. मी हातातली दुधाची पिशवी घेऊन बराच वेळ जिन्यातच उभा होतो.

आता सल्लागारांविषयी. सुचत नाही म्हटलं, की ते पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्या उगवाव्यात तसे उगवतात. डोंबिवलीचे आमचे एक साहित्यिक स्नेही म्हणाले, 'प्रतिभा ही मानिनी आहे. तिची वाट पाहावी लागते.' मी म्हणतो, आम्ही वाट पाहतो ती लोकलची, आणि तिला निदान वेळापत्रक तरी असतं. या प्रतिभाबाईंची वाट पाहत किती जण फलाटावरच म्हातारे झाले, याची कुणी मोजदाद ठेवली आहे का?

पुतण्याचा सल्ला उलट. 'काका, तुमची तयारी कमी पडते. आधी सगळं लिहून काढा.' मी दोनशे पानी वही आणली. राजघराण्याची आठ पिढ्यांची वंशावळ लिहिली, मिठावरचा कर ठरवला, दरवाज्याच्या बिजागऱ्या कुणी घडवल्या तेसुद्धा लिहिलं. आणि जसजशी वही भरत गेली तसतशी मला या मंडळींची भीती वाटायला लागली. ही माणसं येणार आणि माझ्या वंशावळीवर चहा सांडणार! बिजागऱ्यांबद्दल तर कुणी विचारणारसुद्धा नाही! सांगायचा मुद्दा हा, की वहीनं मला सुचेनासं केलं. गोष्ट माझी झाली, आणि माझी झाल्याबरोबर ती हलेना.

तिसरा सल्ला, 'हे राहू द्या, नवीन डाव मांडा.' हा देणाऱ्या बाईंच्या घरी चार अर्धवट विणलेले स्वेटर आहेत. अधिक बोलत नाही.

डोकं ठिकाणावर आलं ते डिसेंबरात, गावच्या जत्रेत. दिव्याला राहण्याचे जे मोजके फायदे आहेत त्यांतला एक म्हणजे सावंतवाडीची गाडी इथूनच सुटते. कुडाळला उतरलो, आणि रात्री देवळासमोर दशावताराला जाऊन बसलो. ज्यांनी दशावतार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं आणि कोण काय होणार एवढं ठरतं. बाकी संवाद रंगमंचावर उभ्या उभ्या जन्माला येतात. नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन आणि तेच कैलास. बाजूला पेटी, पखवाज, झांज. एवढ्यावर पहाट होते.

त्या रात्री राजा दरबारात येऊन बसला आणि पुढं यायचा तो राक्षस काही येईना. बहुधा त्याचा रंग लावून व्हायचा होता. आता हा राजा काय करतो ते मी डोळे फाडून बघू लागलो, कारण माझंही नेमकं तिथंच अडलं होतं. राजा कपाळाला आठ्या घालून बसला नाही. तो प्रधानाकडे वळला आणि म्हणाला, 'प्रधानजी, आज आपला चेहरा उतरलेला का?' प्रधानाला असं काही विचारलं जाईल याची कल्पनाही नसावी. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, 'महाराज, कन्येचं लग्न ठरत नाही.' झालं! राजानं ते खरं मानलं. वीस मिनिटं त्या कन्येसाठी स्थळं बघण्यात गेली, लोक हसून लोळले. आणि शेवटी आरोळी ठोकत राक्षस आला तेव्हा राजा ताडकन म्हणाला, 'प्रधानजी, स्थळ आलं!'

त्या राजाला प्रतिभाबाई प्रसन्न नव्हत्या. त्यानं फक्त दोन गोष्टी केल्या. शेजारच्याला प्रश्न विचारला, आणि मिळालेलं उत्तर नाकारलं नाही. आमच्या कोकणात देवापुढं गाऱ्हाणं घालतात तेव्हा एक जण बोलतो आणि बाकीचे सगळे 'व्हय म्हाराजा!' म्हणतात. मी आजवर समजत होतो की बोलणारा मी, आणि 'व्हय म्हाराजा' म्हणायचं ते मंडळींनी. खरा खेळ उलटा आहे.

हे काही माझ्या पदरचं नाही. महाभारत कसं पुढं सरकतं बघा. नैमिषारण्यात शौनकादी ऋषी विचारतात म्हणून सौती सांगतो. तो जे सांगतो ते जनमेजयानं विचारलं म्हणून वैशंपायनानं सांगितलेलं असतं. ऐकणाऱ्यानं तोंड मिटलं असतं तर एवढा मोठा ग्रंथ झालाच नसता. वेताळ तर प्रत्येक गोष्टीच्या शेवटी विक्रमालाच पेचात टाकतो. आणि गंमत अशी, की शेवटच्या गोष्टीला राजाला उत्तरच सुचलं नाही, तो गप्प राहिला, आणि नेमका तेव्हाच वेताळ प्रसन्न झाला. न सुचण्याची लाज बाळगणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

कुणी म्हणेल, मोठमोठ्या लेखकांच्याही गोष्टी अडतात. अडतात ना. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली 'करमणूक' काढलं आणि आठवड्याच्या आठवड्याला कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. पण हरिभाऊंना सगळं माफ आहे. ते एकटे लिहीत होते आणि त्यांचा वाचक गावोगावी विखुरलेला होता. माझी मंडळी माझ्याच सतरंजीवर बसून माझेच पोहे खात होती, आणि मी त्यांना सोडून छताकडे बघत होतो.

थकवा मात्र खरा असतो, ते मी नाकारत नाही. पण मेगाब्लॉकच्या दिवशीसुद्धा रेल्वे गाड्या पुरत्या बंद ठेवत नाही. धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवते. थकलात तर दोन रविवार दुसऱ्याला सांगू द्या, आणि आपण एखादा मुका भालदार होऊन कोपऱ्यात बसा. पोट बिघडलं म्हणून खोटं सांगू नका. पोटाला ते कळतं.

परत आल्यावर पहिल्या रविवारी मी वही मिटली आणि सरळ कबूल केलं. 'मंडळी, दरवाज्यापलीकडे काय आहे ते मला ठाऊक नाही. तुम्हाला काय वाटतं? तिथं काय असेल याची तुम्हाला सगळ्यांत जास्त धास्ती आहे?'

मला वाटलं, आता हे हसणार. कुणी हसलं नाही. शिक्षिकाबाई म्हणाल्या, 'वर्ग असेल. घंटा झालीय, आणि एकही मूल नाही.' नर्सिंगवाली म्हणाली, 'सगळे झोपलेत. नाडी लागत नाही, पण मेलेले नाहीत.' हप्तेवाला म्हणाला, 'तिथं सगळे मला नावानं ओळखतात.' कुरिअरवाला बराच वेळ फासा बोटांत फिरवत होता. मग म्हणाला, 'एक पार्सल असेल. माझ्या नावाचं. आजवर मी दुसऱ्यांचीच पोचवली.'

पहिल्यांदा तोंडात आलं होतं, 'अरे, पण बिजागऱ्या...' ते गिळलं आणि म्हणालो, 'व्हय म्हाराजा.'

साडेनऊपर्यंत कुणी उठलं नाही. रिकाम्या वर्गातली मुलं कुठं गेली याचा शोध अजून चालू आहे. वही स्वयंपाकघरात मिक्सरखाली आहे; तो आता डुगडुगत नाही.

काल भाजी निवडता निवडता बायकोनं विचारलं, 'अहो, त्या पोराच्या पार्सलमध्ये आहे तरी काय?'

'मला काय ठाऊक?' मी म्हटलं, 'रविवारी त्यालाच विचारतो.'