टक्केवारीचा बाजार



माणसाचा अंगठा किती टक्के असतो? हसू नका. या देशात ह्याचा हिशोब छापील आहे. १९२३ साली इंग्रजांनी कामगार भरपाईचा कायदा केला आणि त्याला एक तक्ता जोडला. त्या तक्त्याच्या पुढच्या रूपात लिहिलंय, अंगठा गेला, कमाईची ताकद ३० टक्के गेली. एका हाताची चार बोटं गेली, ५० टक्के गेली. द्रोणाचार्यानं एकलव्याचा अंगठा फुकटात घेतला. इंग्रजानं निदान भाव तरी छापला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेच्या पोटात गेलाय. कायद्याचं नाव बदललं. छापलेला भाव अंगठा गेलेल्याच्या हातात पडतो का, हा सवाल जिथल्या तिथं आहे.

अपंगत्व ही देवाची करणी, असं सांगणारे कधी गटारात उतरलेले नाहीत. जहाजाच्या पोटात, दगडाच्या खाणीत, बांधकामाच्या पराचीवर त्यांची पोरं नसतात. तिथं कोण असतं हे तुम्हाला सांगायला नको. ज्या जातीनं कष्ट वाटून दिले, त्याच जातीनं तुटलेले हातपायही वाटून दिले. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं, गटारात मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख द्या. जगला पण कायमचा निकामी झाला तर २० लाखांच्या खाली देऊ नका. निकाल झाला. पण निकालाचा कागद घेऊन वस्तीत कुणी येत नाही. तो कागद आपणच न्यायचा असतो.

नाव मात्र मोठं दिलं. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरून सांगितलं, अपंग म्हणू नका, दिव्यांग म्हणा. आपल्याला ही चाल ओळखीची आहे. आपल्यालाही कुणीतरी हरीचे जन केलं होतं. अशा नावानं पाणवठा उघडत नाही. तो महाडला १९२७ साली आपल्या पायांनी जाऊन उघडावा लागला. ज्याच्या अंगात दिव्य शक्ती आहे म्हणता, त्याला लाकडी जिन्यानं दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपर्यंत कशाला चढवता?

आमच्या टोळीतल्या एका गड्याचा उजवा हात दोन पेट्यांच्या मध्ये सापडला. अंगठा आणि दोन बोटं गेली. हजेरीच्या वहीत त्या दिवशी त्याचं नावच निघालं नाही. कंत्राटदार म्हणाला, हा आमचा माणूसच नव्हे. मग सुरू झाल्या इस्पितळाच्या खेपा. एका खेपेला डॉक्टर रजेवर, दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटर बंद, तिसऱ्या खेपेला आधारच्या मशीनवर अंगठा लाव म्हणाले. कुठला लावू, असं त्यानं विचारलं तर बाई चिडल्या. प्रत्येक खेपेला त्याच्या बायकोचा रोज बुडाला. त्याचा तर आधीच बुडाला होता. शेवटी दाखला हातात पडला. ३८ टक्के. सरकारी सवलतीची वेस ४० वर आहे. बाहेर टपरीवर बसलेला इसम म्हणाला, पाच हजार टाक, चाळीसच्या वर नेतो.

हा इसम कुठून येतो? तो कागदातून जन्मतो. आपल्याला न कळणारा प्रत्येक कागद म्हणजे त्याचं शेत. अर्ज किचकट राहिला तरच त्याचं पीक येतं. म्हणून अर्ज सोपा होत नाही. २०१७ च्या नियमांत दाखला देण्याची मुदत एक महिना होती. २०२४ च्या दुरुस्तीत ती तीन महिने झाली. आणि दोन वर्षांत निर्णय झाला नाही तर अर्जच रद्दबातल. उशीर त्यांचा, मरण अर्जाचं. वा रे न्याय!

दाखला मिळाला तरी पुढं संजय गांधी निराधार योजना उभी आहेच. १९८० पासून ती चाललीय. त्यात दिव्यांगाच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५० हजारांच्या आत लागतं. भागाकार करा. दिवसाला १३७ रुपये, अख्ख्या कुटुंबाला. मुंबईत एवढ्यात जगून दाखवणाऱ्याला पेन्शन कशाला, पदक द्या! म्हणजे खरं बोललास तर बाद, खोटं लिहिलंस तर बोगस. गरिबाला आधी खोटं लिहायला लावायचं आणि मग त्या खोट्याच्या दोरीनं त्याला जन्मभर बांधून ठेवायचं, अशी ही तऱ्हा. त्या दोरीचं दुसरं टोक नगरसेवकाच्या, नाहीतर दलालाच्या हातात.

पैशाचंही ऐका. २०१६ च्या कायद्याचं कलम २४ म्हणतं, अशा योजनेत अपंगाला इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त द्या. २०२३ साली रक्कम १५०० झाली ती सगळ्यांना एकाच मापानं. २०२५ च्या जूनमध्ये गुरुकुंज मोझरीला उपोषण झालं; मागणी महिना सहा हजारांची होती. ऑक्टोबरपासून पदरात पडले अडीच हजार. तेही रस्त्यावर आल्यावर.

गावकीत आपला बाप घरोघर भाकरी मागत फिरायचा. जोहार मायबाप. काम हक्काचं, पण मोबदला भिकेचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणलं ते ह्याचसाठी. आज तहसिलीच्या खिडकीसमोर हात जोडून उभा असलेला आपला माणूस पाहिला की वाटतं, वतन गेलं, जोहार राहिला. राज्यघटनेचं कलम ४१ काढून वाचा. बेकारी, म्हातारपण, आजार, अपंगत्व ह्यात सरकारी साहाय्याचा हक्क, असं तिथं लिहिलंय. मेहरबानी असा शब्द नाही. ऐपतीप्रमाणे, असं शेपूट मात्र आहे. ऐपत कुणासाठी असते आणि कुणासाठी संपते, ते आपण रोज बघतो.

मग मदत कुणाची? वाट बघायची नाही. हत्यारं पडलेली आहेत, उचलायची आहेत. टक्के कमी लावले तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील आहे. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त बसतात. कायद्यानं राज्य आयुक्ताला तक्रारीच्या चौकशीसाठी दिवाणी कोर्टाचे अधिकार दिलेत. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात ज्या सेवा येतात त्या मुदतीत मिळाल्या नाहीत तर वर अपील करता येतं. १९८७ च्या कायद्यानं अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, बाईला, अपंगाला, कारखान्यातल्या कामगाराला फुकट वकील मिळतो, त्याचं उत्पन्न न बघता. विधी सेवेचा फोन १५१०० आहे. भिंतीवर लिहून ठेवा. कामावर अपघात झाला असेल तर नुकसानभरपाई वेगळी आणि पेन्शन वेगळी. दोन दरवाजे आहेत, दोन्ही ठोठवा. भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत घाला. कंत्राटदार पळाला तरी मूळ मालक सुटत नाही. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. पोच नाही तर अर्ज नाही.

आणि हे सगळं एकट्या जखमी माणसानं करायचं? एक हात गेलेल्यानं दुसऱ्या हातात फाईल धरून? तुम्ही दहावी झालात, बारावी झालात. तुमच्या हातात मोबाईल आहे. १४ एप्रिलला डीजेची वर्गणी जमते, त्याच पोरांनी आठवड्यातून एक संध्याकाळ बुद्धविहारात टेबल टाकावं. दाखला कुठला, झेरॉक्स किती, तारीख कुठली, हे वहीत लिहावं. इस्पितळात माणसाबरोबर एकानं जावं. खिडकीपाशी दोघं उभे दिसले की कारकुनाचा आवाज खाली येतो, हे पक्कं.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. रुपया घ्यायचा नाही. चहासुद्धा नाही. आपल्यातलाच एखादा उद्या जय भीम म्हणत टपरीवर बसेल आणि पाच हजारांचं चार हजार करून देईल. सवलतीतला दलाल हाही दलालच. त्याला त्याच दिवशी छावणीच्या बाहेर काढा.

काहीजण म्हणतील, ही क्रांती नव्हे, ही कारकुनी. त्यांना सांगा, पाच हजार वर्षं आपल्याला कागदापासून लांब ठेवलं ते उगाच नाही. ज्याला कागद वाचता येतो त्याला फसवायला जास्त माणसं लागतात. चाळीत, झोपडपट्टीत, गोदीच्या दारात बसून आपल्या माणसाचा अर्ज नीट लिहा, आणि अर्ज फेटाळला तर त्याच अर्जाची हजार माणसं घेऊन त्या खिडकीवर जा.

टेबल टाका. वही उघडा.

जय भीम.