बंदुकीची तिजोरी घरात ठेवताना

बँकेत बंदूकधारी रक्षक म्हणून राबणारे काही बांधव परवान्याची बंदूक घरीच ठेवतात. शस्त्र नियम, २०१६ नुसार ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवानाधारकाची. त्यांना आम्ही सांगू इच्छितो : दीडदोनशे किलोची तिजोरी हलविण्यापूर्वी रिकामी करा, दाराला कुलूप लावा. जिन्यात वरून दोराने ओढा. खाली कोणास उभे करू नका, हमालाचाही जीव जीवच असतो. जुन्या चाळीत लाकडी जमिनीच्या मधोमध नको, तुळयांवर भिंतीलगत ठेवा. ओल आलेली भिंत टाळा, बंदूक गंजते. तिजोरी बोल्टने जखडाच. उघड्या दाराला पोर लोंबकळले तर ती कलंडू शकते. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवा, किल्ली मुलांपासून दूर. बंदूक पोटासाठी आहे. ती लेकरांच्या जिवावर बेतू नये.