‘लाईट गेली’ : परकेपणाच्या निकषाविषयी

मराठीतील इंग्रजी शब्दांविषयीची आपली चर्चा बहुधा व्युत्पत्तीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. शब्द इंग्रजीतून आला म्हणून परका, आणि परका म्हणून लेखनातला दोष. ग्रामीण व दलित गद्याच्या समीक्षेतही हा निकष न तपासता लावला जातो. त्याचा पोकळपणा दाखवायला ‘लाईट’ हा एक शब्द पुरेसा आहे.

तुंगार्लीशेजारच्या वळवण जलाशयाचे पाणी घाटाखाली खोपोलीला उतरते. तेथे १९१५ पासून निर्माण होऊ लागलेली वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. गिरणीमालकाच्या लेखी ती शक्ती होती. खेड्यातल्या घरात ती पुढे आली ती दिव्याच्या रूपाने. म्हणून सरकारी पाटीवर ‘विद्युत’ राहिली आणि लोकांच्या तोंडी ‘लाईट’ बसली. ही उघड लक्षणा आहे. भर दुपारी पंप थांबला तरी शेतकरी ‘लाईट गेली’ म्हणतो. इंग्रजीतला ‘लाईट’ या प्रसंगी निरुपयोगी आहे, कारण तिथे विझलेला एकही दिवा नाही.

व्याकरणाची साक्षही हीच आहे. ‘लाईट लावला’ म्हणताना शब्द पुल्लिंगी, अर्थ दिवा. ‘लाईट गेली’ म्हणताना स्त्रीलिंगी, अर्थ पुरवठा. हे लिंग ‘विजे’च्या पाठोपाठ आले असावे. खुद्द ‘वीज’ मात्र आभाळातून पडण्याचे आपले जुने काम सोडत नाही. सोस्यूरच्या विचाराप्रमाणे शब्दाचे मूल्य शेजारच्या शब्दांशी असलेल्या भेदातून ठरते. ‘लाईट’चे शेजारी दिवा, वीज, उजेड हे आहेत, मग त्याचे मूल्य इंग्रजीत शोधायचे कशासाठी?

आता दुसरा ‘लाईट’ पाहू : ‘लाईट निळा’, ‘लाईट घे’. इंग्रजीतच हे दोन वेगळ्या धातूंचे शब्द उच्चाराने एक झाले आहेत. उजेडवाचक शब्द संस्कृत ‘रुच्’शी, तर वजनवाचक शब्द ‘लघु’शी संबद्ध आहे. त्याच ‘लघु’पासून प्राकृतातून आपला ‘हलका’ आला. तेव्हा ‘लाईट’ खोडून ‘हलका’ लिहिणारा शुद्धिवादी एका भावकीतला शब्द काढून दुसरा बसवतो. मूळ हाच निकष असेल, तर त्याचे समाधान इथे व्हायला हवे. ते होत नाही, याचा अर्थ त्याची तक्रार मुळाविषयी नाहीच.

आणि तरीही या दुसऱ्या ‘लाईट’बाबत तक्रारीला जागा आहे. तो ‘फिकट’ला हुसकतो, ‘फिका’, ‘सौम्य’, ‘पुसट’ यांतले भेद पुसून एकच सपाट छटा ठेवतो. पहिल्या ‘लाईट’ने मराठीत एक भेद निर्माण केला, दुसरा आहेत ते भेद बुजवतो. दोघांचे पारपत्र एकच, करणी मात्र परस्परविरुद्ध. सावरकरांच्या भाषाशुद्धीतले ‘महापौर’, ‘दिनांक’ रुजले तेही शुद्ध होते म्हणून नव्हे. व्यवहारात त्यांना काम मिळाले म्हणून.

तेव्हा समीक्षकाने शब्दाचे कूळ विचारण्याऐवजी त्याचे वाक्यातले काम विचारावे. कादंबरीतला शेतकरी ‘लाईट गेली’ म्हणतो, तिथे ‘वीजपुरवठा खंडित झाला’ असे सुचवणारा मराठीचे रक्षण करत नाही; बोलणाऱ्याच्या तोंडची मराठी काढून तिथे कचेरीची मराठी घालतो. उत्तरपत्रिकेत लाल शाई उचलण्यापूर्वी आम्हा अध्यापकांनीही हे लक्षात ठेवलेले बरे.